काडी वर गेली की सम

मित्रांनो, मी एक जुनी छडी आहे आणि मला भयंकर राग आलेला आहे. जुनी वस्तू बोलायला लागली की तुम्हाला वाटतं, आता ही उसासे टाकणार, आपले चांगले दिवस आठवून हळहळणार. तसलं काही माझ्याकडून होणार नाही. ज्यांना गोड गोड ऐकायचं असेल त्यांनी एखाद्या फुलदाणीला गाठावं.

मी निरगुडीची. भोकरच्या वाटेवर एक ओढा लागतो, त्याच्या काठावर मी वाढले. मुदखेडच्या एका शाळेत शिवशंकर गुरुजी होते. त्यांनी दोन मुलांना फोक तोडून आणायला पाठवलं आणि त्या बिचाऱ्यांनी मला, म्हणजे स्वतःच्याच माराला, खांद्यावर टाकून आणलं. गुरुजींनी मला काचेच्या तुकड्याने तासून गुळगुळीत केलं, मुठीला लाल चिंधी गुंडाळली आणि दर आठवड्याला तेल पाजलं. मी वर्गात शिरले की चिडीचूप व्हायचं. तेव्हा माझी मिजास काय विचारता!

चौथीत रविकांत नावाचा एक मुलगा होता. त्याचे वडील शेषेराव लग्नात वाजवणारा बँड चालवत. हा पोरगा गणिताच्या तासाला बाकावर बोटांनी ताल धरायचा. गुरुजी ओरडायचे, "हात पुढं कर!" आणि त्याच बोटांवर मी सपासप पडायचे. एकदा नाही, अख्खं वर्षभर. एकदा त्याच्या करंगळीतून रक्त आलं, तरी दुसऱ्या दिवशी बोटं पुन्हा बाकावर होतीच. हे मी लपवणार नाही. दुसऱ्यांना बोल लावायला निघाले आहे, तर आधी माझं पाप सांगायला हवं.

पुढे कायदा आला. मुलांना मारायचं नाही असं ठरलं, फार उशिरा ठरलं, पण ठरलं. गुरुजींनी मला कपाटावर फेकलं. तिथे मी कित्येक वर्षं धूळ खात पडले. मग एकदा सव्वीस जानेवारीच्या आधी शाळेला रंग द्यायचं निघालं आणि मोडक्या बाकांबरोबर मीही मैदानात येऊन पडले. झेंडावंदनाला बँड वाजवायला रविकांत आला होता. तो आता बँडमास्तर झाला होता. त्याने लाल चिंधी ओळखली. मला वाटलं, आता हा गुडघ्यावर आपटून माझे दोन तुकडे करणार, आणि केले असते तरी मी तक्रार केली नसती.

त्याने मला उचललं, फुंकर मारली आणि म्हणाला, "लई शिकवलंस गं मला. आता चल, तूच शीक जरा."

शाळेत मी छडी होते, रविकांत मास्तरांकडे काडी झाले. ते वरातीत बँडच्या पुढे चालायचे आणि मला हवेत उडवून वाजवणाऱ्यांना ताल दाखवायचे. आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण सगळं रामायण याच्यावरूनच झालं आहे. वरातीत मास्तरांची पाठ बँडकडे असते. मधे नाचणारी माणसं, फेटे, घोडा, जनरेटरची गाडी. अशा गर्दीत काडी खाली आली तर मागच्या माणसाला दिसणार कशी? म्हणून शेषेरावांच्या बँडची रीतच अशी होती की काडी वर गेली की सम, म्हणजे तालाचा पहिला ठोका. वर टोक दिसलं की सगळ्यांनी एका दमात सुरात पडायचं. खाली येते ती फक्त पुन्हा वर जाण्यासाठी. बापाची रीत लेकाने तशीच पुढे चालवली.

मग मुदखेडमध्ये एका संस्थेने युवा वाद्यवृंद काढला. संस्थेचे अध्यक्ष अण्णाराव, सगळे त्यांना अण्णासाहेब म्हणतात. त्यांनी व्हायोलिनी आणल्या, क्लॅरनेट आणल्या, पेपरात फोटो आणला. शिकवायला मंजुश्री आली. ती उदगीरची, तिथल्या आडतीच्या घरातली. व्हायोलिन झकास वाजवते. मुलं तिला तिकडच्या पद्धतीने अक्का म्हणतात. पण अडतीस मुलांना एकाच वेळी एकाच जागी आणायचं कसं, हे काही तिच्या पुस्तकांत तिला सापडेना. तिने रविकांत मास्तरांना बोलावून आणलं.

दर शनिवारी दुपारी एका मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये वर्ग भरायचा. फरशीला वरणाचा वास आणि भिंतीला पंगतीची टेबलं टेकवलेली. सूर लिहायला मोठे कागद नव्हते, म्हणून अक्काने अण्णासाहेबांच्या वाढदिवसाचे जुने फ्लेक्स गोळा केले आणि त्यांच्या पाठीवर रंगाने सारेगम लिहिलं. समोरून अण्णासाहेबांचे हात जोडलेले, मागून आमची धून. मुलं त्यावरून लई हसायची.

पहिल्याच आठवड्यात अक्का आणि मास्तर भांडले. अक्का म्हणाली, "मास्तर, हे उलटं हाय. सगळ्या जगात सम खाली येते."

मास्तर म्हणाले, "जगात वरात निघत नसंल, अक्का."

"पण लेकरं उद्या मोठ्या ठिकाणी गेली म्हणजे?"

"तवा शिकतील की तेबी. आज त्यांना काय समजून राहिलं ते बघा."

अक्काने खरोखर बघितलं. आधी तिने पुस्तकाप्रमाणे हात खाली आणला, तर मुलं इकडून तिकडून आली. मग मास्तरांनी मला वर उडवलं आणि अडतीस वाद्यांचा एकच ठोका पडला. अक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग हसून म्हणाली, "हाव मास्तर. वर तर वर." शिकलेल्या माणसाने असं म्हणणं सोपं नसतं, म्हणून ती मला आवडते.

दोन वर्षं हे दोघं खपले. साक्षी नावाची बारा वर्षांची मुलगी हलगी वाजवते. तिला सम कळावी म्हणून मास्तर सुरुवातीला तिच्या शेजारी मांडी घालून बसायचे आणि तिच्या मनगटाला धरून ठोका द्यायचे. एकालाही कधी फटका मारला नाही. मी हातात असूनसुद्धा! एकदा सगळ्यांना टेम्पोत घालून इस्लापूरला नेलं, सहस्रकुंडाचा धबधबा दाखवला. परत आल्यावर मास्तरांनी स्वतः एक धून बांधली. सुरुवातीला व्हायोलिनी हळू वाहतात आणि मग काडी वर गेली की सगळी वाद्यं एकदम कोसळतात. मुलांनी तिचं नावच सहस्रकुंड ठेवलं. ही धून लातूरच्या मोठ्या सभागृहात वाजवायचं ठरलं तेव्हा मास्तरांनी मला तेल लावलं. नवा शर्ट शिवायला टाकला. त्यांना आयुष्यात एकदा वरातीबाहेर, खुर्चीवर बसून ऐकणाऱ्या माणसांपुढे उभं राहायचं होतं.

मग पत्रिका आली.

वाद्यवृंद संचालक म्हणून मुंबईच्या एका मोठ्या पाहुण्यांचं नाव होतं. त्यांनी आमच्या मुलांचं तोंडही पाहिलं नव्हतं. मार्गदर्शिका म्हणून अक्काचं नाव. मास्तर पत्रिकेवरून बोट फिरवत खाली खाली गेले. अगदी तळाला, मंडपवाल्याच्या खाली, बारीक अक्षरांत होतं, ‘सामान वाहतूक सहकार्य : रविकांत बँड पार्टी.’

सामान वाहतूक! दोन वर्षांची मेहनत आणि माणूस काय ठरला, तर हमाल! माझ्या जुन्या सवयीचा एक फटका त्या दिवशी कोणाला तरी द्यायला हवा होता असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं. अक्का रागाने लाल होऊन अण्णासाहेबांकडे गेली. मास्तर तिला थांबवायला मागोमाग गेले, मी त्यांच्या हातातच होते, म्हणून मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. अण्णासाहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, लातूरला मोठमोठी माणसं येणार. संचालकाच्या जागी वाजंत्र्याचं नाव कसं छापायचं? जरा समजून घ्या ना."

मास्तर दारातच उभे होते. अण्णासाहेबांनी त्यांना पाहिलं तरी वाक्य गिळलं नाही. परत येताना अक्का म्हणाली, "माझं नाव काढा म्हणते मी." मास्तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. टेम्पो माझाच हाय, खोटं काय लिवलं? लेकरांचा कार्यक्रम बिघडाय नको." मित्रांनो, चांगल्या माणसांचं हेच चुकतं. गप्प बसतात आणि त्याला समजूतदारपणा म्हणतात.

लातूरला पाहुण्यांची गाडी उशिरा आली. सराव करायला वेळच उरला नाही. अण्णासाहेबांनी मास्तरांच्या हातातून मला काढून घेतलं. "आमच्या भागातली पारंपरिक काडी," असं म्हणून पाहुण्यांना भेट दिली आणि फोटो काढला. मग मास्तरांकडे वळून म्हणाले, "तुमी टेम्पोपाशी थांबा. सामानाकडं ध्यान ठेवा." मास्तर नवा शर्ट घालून मागच्या दाराने बाहेर गेले. मी त्यांना हाक मारू शकत नव्हते.

सभागृह भरलं होतं. भोकर, मुदखेडहून आईबाप आले होते. पाहुणे मंचावर आले, मुलांकडे बघून छान हसले. माणूस वाईट नव्हता, उगाच खोटं कशाला बोलू? व्हायोलिनी हळू वाहू लागल्या. मग पाहुण्यांनी मला वर उचललं. त्यांच्या दृष्टीने ती नुसती तयारी होती, सम पुढे खाली येणार होती. पण मी वर गेले आणि अडतीस मुलं धाडकन कोसळली! पाहुणे दचकले. मी खाली आले तेव्हा मुलांच्या लेखी सम होऊन गेली होती.

पाहुण्यांनी थांबवलं. "मी खूण केल्यावर," ते म्हणाले. मुलांनी माना हलवल्या. त्यांना वाटलं, खूण तर आपण पाहिलीच की! पुन्हा सुरू केलं. पुन्हा मी वर आणि पुन्हा तोच स्फोट. लोक हसले. तिसऱ्यांदा पाहुण्यांनी डोळे वटारले, तशी निम्मी मुलं घाबरून थांबली आणि निम्मी वाजली. असा काही गोंधळ झाला की पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी कानांवर हात ठेवले. साक्षीचा ओठ थरथरत होता. शाळेत हात पुढे करणाऱ्या पोरांचे ओठ मी रोज पाहिले होते, मला ते पुरतं कळतं. इतक्या वर्षांनी मी पुन्हा लेकरांना मारत होते, आणि तेही चारचौघांत.

मंचाच्या कडेला माईकपाशी अण्णासाहेब उभे होते, पाहुणे त्यांना हळूच म्हणाले, "यांची तयारी झालेली नाही." माईक चालू होता. साऱ्या सभागृहाने ऐकलं.

साक्षी हलगीसकट उभी राहिली. "सर, आमची तयारी हाय! आमची सम वर हाय. आमच्या मास्तरांना बोलवा, ते भायेर हायेत."

पाहुण्यांनी विचारलं, "कोण मास्तर?"

अण्णासाहेब माईकवर हात ठेवून म्हणाले, "कोणी न्हाई हो. टेम्पोवाला." मग हात काढून गोड आवाजात म्हणाले, "लेकरं लहान आहेत, घाबरली. आपण सत्काराकडे वळू." पाहुणे क्षणभर घुटमळले. मी मनात म्हटलं, विचार ना रे बाबा, अजून एकदा विचार! पण त्यांनी मला स्टँडवर ठेवलं आणि गेले. माझा त्यांच्यावरही राग आहे तो एवढ्यासाठी.

पडदा पडला. पडद्यापुढे खुर्च्या मांडल्या, शाली आल्या, नारळ आले. आत एक माणूस मुलांना म्हणाला, "चला, उठा, मंच मोकळा करा." अक्का आजवर मुलांवर कधी ओरडली नव्हती, ती ओरडली, "कोणी उठायचं न्हाई! साक्षी, पळ."

साक्षी मागच्या दाराने पळाली आणि मास्तरांना हाताला धरून ओढत घेऊन आली. मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं. "पडदा पडला की गं. कोणाला दिसणार?"

ती म्हणाली, "आमाला तुमी दिसून राहिलात ना मास्तर. बस झालं."

मास्तरांनी मला उचललं. व्हायोलिनी निघाल्या, क्लॅरनेट आली, अक्का शेवटच्या रांगेत बसून मुलांबरोबर वाजवू लागली. मग मी वर गेले. असा ठोका पडला मित्रांनो, की पडद्याची धूळ उडाली! पुढे कोणाला तरी शाल घालणं चाललं होतं, ते अर्ध्यावर थांबलं. बाहेरची कुजबुज बंद झाली. मी वर गेले, पुन्हा गेले, पुन्हा गेले, आणि दर वेळी ही सगळी लेकरं माझ्या टोकाला नजर लावून एकदम कोसळत होती. मास्तर रडत होते आणि ताल केसभरही सुटत नव्हता.

संपलं तेव्हा बाहेर टाळ्यांचा नुसता कडकडाट. "पडदा वर करा!" असं कोणीतरी ओरडलं. पडद्याच्या दोरीजवळच्या माणसाने दोरीला हात घातला आणि अण्णासाहेबांकडे पाहिलं. फटीतून मला सगळं दिसत होतं. अण्णासाहेबांनी बोटाने ‘नको’ अशी खूण केली. मग लोकांकडे वळले, हात जोडले आणि आमच्या टाळ्या स्वतः घेतल्या. जराही लाज वाटली नाही.

नंतर ते आत आले, उरलेली एक शाल घेऊन. "वा मास्तर! पुढच्या टायमालाबी असंच सहकार्य द्या."

मास्तरांनी शालीला हात लावला नाही. "न्हाई अण्णासाहेब. सहकार्य लई झालं. पुढली पत्रिका आदी मला दाखवा. संचालक, रविकांत शेषेराव सोनकांबळे. एवढं असंल तर येतो. न्हाईतर तुमच्या पाहुण्यांकडून वाजवून घ्या." अक्का त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मीबी तवाच येणार."

या गोष्टीला आता तीन महिने होत आले. वाद्यं संस्थेच्या कुलपात आहेत. नांदेडचा कार्यक्रम ठरलाय, त्यासाठी अण्णासाहेबांनी नवे संचालक आणले, मुलांना सरावाला बोलावलं आणि वाद्यं हातात दिली. मुलं गेली. वाद्यं मांडीवर घेतली आणि हाताची घडी घालून बसली. संचालकांनी काडी वर नेली, खाली आणली, कोणी हललं नाही. साक्षीनेच मास्तरांच्या अंगणात येऊन हे सांगितलं. मी खुंटीवर होते. मास्तर तिला रागावले, "काऊन असं केलं? तुमचं नुकसान हाय." ती म्हणाली, "तुमीच तर सांगितलं, काडी तुमच्या हातात नसंल तर वाजवायचं न्हाई." मास्तरांनी असं कधीच सांगितलं नव्हतं. पोरीने धडधडीत खोटं सांगितलं, आणि मला तिचा अभिमान वाटला.

परवा संस्थेचा माणूस पत्रिकेचा कच्चा कागद घेऊन आला. त्यावर लिहिलं होतं, ‘विशेष सहकार्य : रविकांत मास्तर (बँडवाले).’ मास्तरांनी कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला. "नाव बापानं पूर्ण ठेवलंय," एवढंच म्हणाले. आज शनिवार. मंगल कार्यालयात मुलं हाताची घडी घालून बसली असतील.

आता शेवटी मी काही मागणार, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मला जपा, असं मी म्हणणार नाही. निरगुडी ओढ्याकाठी पुष्कळ उगवते, मी मोडले तर दुसरी आणा. पण मित्रांनो, तुमच्या शाळेतही कोणीतरी असेल, ज्याने तुमचं मनगट धरून तुम्हाला ठोका शिकवला, लेझीम शिकवलं, नाटकातलं वाक्य घोकून घेतलं. स्नेहसंमेलनाची पत्रिका हातात आली की पाहुण्यांची नावं वाचत बसू नका. त्या माणसाचं पूर्ण नाव शोधा, अगदी तळापर्यंत शोधा. सापडलं नाही तर मोठ्याने विचारा. आणि विचारूनही छापलं नाही, तर हाताची घडी घाला आणि वाजवू नका.